गेटवरचे कोयते

१५ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी सुरक्षा प्रमुख! पगार तोच, खुर्ची तीच, खाकी शर्टही तोच — पण सुप्रिया मॅडमनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं, "गेटची संपूर्ण जबाबदारी पोपटरावांची." पोपटराव! एकतीस वर्षं या हायस्कूलमध्ये घंटा मारतोय, 'राव' आज पहिल्यांदा लागला. मुख्याध्यापिका असावी तर अशी.

कारण असं की वरून परिपत्रक आलंय. कुठल्याशा शहरात पोरांच्या दप्तरात चाकू सापडले, म्हणून आता सगळ्या शाळांच्या आवारात शस्त्रबंदी. बंदूक, पिस्तूल, तलवार, गुप्ती, सुरा, चॉपर, कोयता — यादी वाचूनच मला घाम फुटला. आमच्याकडे आजवर सगळ्यात घातक वस्तू म्हणजे गणिताच्या सरांची छडी, तीही बंद होऊन दहा वर्षं झाली.

क्लार्क जितेशने कोरी वही दिली. वर लाल पेनाने लिहिलं, 'जप्त शस्त्रांची नोंद'. तारीख, कोणाकडून, प्रकार, नग. हे आकडे तो वर ऑनलाइन पाठवणार.

घरी येऊन इंदूला सांगितलं. म्हणते, "घरात उंदीर निघाला तर पलंगावर चढता, आणि शस्त्रं जप्त करणार!" या बाईला कशाचं कौतुक म्हणून नाही.

१६ सप्टेंबर

सहा कर्कटकं जप्त. मॅडमनी पाच मिनिटांत परत करायला लावली — भूमितीचा तास होता.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आज पहिलं खरं शस्त्र पकडलं!

मधली सुट्टी होती. डोंगरावरच्या आदिवासी वाडीतला एक ठाकर गेटमधून आत शिरला. डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी, कमरेला मागे आकडी आणि आकडीत अडकवलेला हातभर कोयता. मी विचारलं, ओ, कुठे? "हापिसात," म्हणाला आणि चालायला लागला. थांबायचं नाव नाही! मी मागून गेलो, आकडीतून कोयता सट्टकन ओढून काढला, वर धरला आणि ओरडलो, "हे घेऊन शाळेत? शाळा आहे का जंगल?" पोरं गोळा झाली. एक हसलं, मग सगळीच हसली.

तो वळला. मला वाटलं, आता भांडणार. पण नाही — एक शब्द न बोलता गेटबाहेर आणि सरळ डोंगराच्या वाटेला! कोयता मागितलासुद्धा नाही.

वहीत लिहिलं: कोयता, नग १. ठाकर इसम, नाव सांगितले नाही. (मी विचारलंच नव्हतं, ते सोडा.)

रात्री जेवताना इंदूला छाती फुगवून सांगितलं. तिने वाढता वाढता हात थांबवला. "मागून ओढलात? माणसाच्या कमरेला हात घातलात?" मी म्हटलं, अगं, परिपत्रक आहे! ती म्हणाली, "परिपत्रकात मागून ओढा असं लिवलंय का?"

आमटी अळणी होती. मीठ मीच उठून घेतलं.

१९ सप्टेंबर

घोळ झाला. मोठा घोळ.

मॅडमनी सकाळी बोलावलं. तो माणूस म्हणजे वरच्या वाडीचा धोंडी. दहावीतल्या चिमाचा बाप! वरच्या वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी. गावातल्यांना एकवेळ ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे — पाचवीपासून रोज दोन डोंगर उतरून येते, आणि पावसाळ्यात गेट उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असते. मॅडमनी बुधवारी दहावीच्या सगळ्या पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या होत्या, बोर्डाच्या फॉर्मवर समोर येऊन सही करा म्हणून. गेल्या वर्षी पोरांनीच बापाच्या सह्या ठोकल्या होत्या, त्यामुळे आता समोर म्हणजे समोर.

म्हणजे धोंडी सहीलाच आला होता. जन्मात पहिल्यांदा शाळेची पायरी चढला, आणि मी त्याची शोभा केली.

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "पोपटराव, बारा नोव्हेंबर शेवटची तारीख आहे. सही नाही झाली तर चिमाचं वर्ष गेलं. आणि एकदा वर्ष गेलं की या मुली परत येत नाहीत."

लाज वाटली. खरंच वाटली. कागदावर लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको.

२० सप्टेंबर

चिमाला गेटवर गाठलं. म्हटलं, बाय, बापाला सांग, पोपटकाका चुकला, कोयता सांभाळून ठेवलाय, ये आणि सही कर. ती म्हणाली, "सांगते काका."

मग म्हटलं, नाहीतर कोयता तूच घेऊन जा ना घरी. तर काय म्हणावं पोरीनं! "नको काका. शाळेत हत्यार हातात धरायचं नाय ना? नियम हाय."

माझाच नियम माझ्या तोंडावर. पोरगी हुशार आहे.

२२ सप्टेंबर

धोंडी नाही आला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

गेटशेजारच्या भिंतीला खुंटी मारली आणि धोंडीचा कोयता तिथे टांगला. कपाटात कोंबून ठेवणं बरं दिसेना. देवळाबाहेर चपला ठेवतात तसं, ज्याचं त्याने टांगावं, जाताना न्यावं. परिपत्रकात आवारात आणू नये असं आहे, आणि खुंटी गेटच्या दोन फूट आत आहे. पण दोन फुटांचं काय एवढं!

टांगताना पात्यावरून बोट फिरवलं. बोथट! मधे दोन ठिकाणी खांडे. बघवेना. लोहाराच्या घरात जन्मलो — माझ्या बापाचा भाता या चार गावांत शेवटपर्यंत चालला, बाप गेला तेव्हा निवला. दुपारी घरून कुरुंदाचा दगड आणि कानस आणली. गेटवर बसून अर्ध्या तासात असली धार काढली की हातावरचे केस उतरले. तीस वर्षांत हा हात चालला नव्हता, पण विसरला नाही हो! घंटा द्यायला चार मिनिटं उशीर झाला. कोणाच्या लक्षात आलं नाही.

२६ सप्टेंबर

वरच्या वाडीचा पोशाबाबा नातवाच्या दाखल्यावरची जात दुरुस्त करायला आला. यावेळी मी समोर जाऊन हात जोडले. म्हटलं, बाबा, नवीन नियम आहे, कोयता तेवढा खुंटीला टांगा. त्याने स्वतः काढून दिला. इतकं सोपं होतं!

मग धोंडीच्या कोयत्याकडे बघत राहिला. अंगठा फिरवला. "धार कुणी लावली रं?"

"मीच."

"माजा पन हानून दे की मंग. आपिसातलं काम होस्तवर."

लावून दिली. जाताना म्हणाला, "लोव्हाराचा पोर ना तू? गेटवर बसून वाया चाल्लास." मी धोंडीचं विचारलं. तर म्हणे, तो माथेरानला गेला, हॉटेलात काम करतो. कधी उतरेल सांगता येत नाही. म्हटलं, त्याला निरोप द्या. "बगू," म्हणाला.

माथेरानला! माझं तोंड बघायला नको म्हणून डोंगर चढून गेला की काय?

२९ सप्टेंबर

आज वाडीचे पाच जण आले. पाचांनाही शाळेत काही काम नव्हतं. एकजण म्हणाला, "पोरगी कशी शिकते ते इचारायला आलो," आणि कोयता माझ्या हातात दिला. त्याची पोरगी शाळा सोडून दोन वर्षं झाली.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

घरी हत्यारांची पूजा. बापाचा हातोडा, सांडशी, घण. शेजारी धोंडीचा कोयता ठेवला — गेटवरून काल घरी आणला होता. इंदूने हळदकुंकू वाहिलं आणि म्हणाली, "ज्याचा कोयता त्याच्या घरी आज पूजा कशाची झाली असेल?"

मी कोयता परत फडक्यात गुंडाळला.

४ ऑक्टोबर, शनिवार

पालकसभा! दरवेळी अकरा पालक येतात, त्यातले चार गावातले रिकामे. आज त्रेचाळीस! एकोणतीस एकट्या वाड्यांवरचे. खुंट्या पुरेनात, दोरी बांधून त्यावर कोयते अडकवले. सभा चालली दीड तास आणि मी बाहेर दगडावर घासतोय, हात भरून आले, घामाने शर्ट भिजला — पण काय सांगू, मजा आली. आतून मॅडमचा आवाज, बाहेर दगडाचा आवाज.

सभेनंतर मॅडम धावत बाहेर आल्या. डोळ्यांत पाणी! "पोपटराव, बघितलंत? नियमाला शिस्त लागली की लोक शाळेला मान देतात!" दोरीवरच्या कोयत्यांकडे बघून म्हणाल्या, "किती छान ठेवलेत सगळे." मी म्हटलं, होय मॅडम.

काय बोलणार! पण एक खरं — धारेसाठी आलेले असू देत, दीड तास आत बसले. दोघांनी आपल्या पोरांच्या वह्या मागून बघितल्या. एक बाई म्हणाली, माझा पोर गणितात नापास आहे हे मला आजच कळलं. पोराचं काही खरं नाही.

धोंडी मात्र नाही. रोज संध्याकाळी चिमाला विचारतो, "सांगितलंस का गं?" ती रोज म्हणते, "सांगितलं काका." मग हळूच पुढे चालायला लागते. बिचारी. बापाने तोंड फिरवलं तर ती तरी काय करणार?

११ ऑक्टोबर

दिवाळी जवळ आली. पोरं टिकल्यांची पिस्तुलं घेऊन यायला लागली. वर्गात फट फट. आज तीन जप्त.

१४ ऑक्टोबर

आणखी चार. वहीत नीट लिहिलं: पिस्तूल (टिकल्यांचे), नग ७. सुट्टी संपल्यावर देणार.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

या सुट्टीत भाता पेटवला! मागच्या पडवीत अडगळीखाली होता. चामडं उंदरांनी खाल्लेलं, ते नवीन चढवलं. लोक आता घरीच यायला लागलेत — कोयते, विळे, कुऱ्हाडी. भात पिकून उभं आहे, प्रत्येकाला धार हवी. इंदू पहिल्या दिवशी फणफणली, "सुट्टीत घराचा बाजार केलात!" दुसऱ्या दिवशी बघतो तर अंगणात बसून बायांशी गप्पा मारतेय, चहाचं पातेलं चुलीवर. आता कोणी आलं नाही तर तीच रस्त्याकडे बघत बसते.

आज खालापूरहून तिचा भाऊ आला, सोबत त्याचा मुलगा नवीन. मोहोपाड्याला केमिकल कंपनीत आहे. म्हणे, "मामा, ग्राइंडर मशीन घ्या, दोन मिनिटांत काम." मी म्हटलं, मशीनची धार आठ दिवस टिकते, हाताची एक पावसाळा. त्याने मोबाईलवर माझा व्हिडिओ काढला. भाता हलवताना मी बरा दिसतो.

असं वाटलं, मेमध्ये रिटायर झाल्यावर काय करायचं हा प्रश्न आता राहिला नाही. बाप असता तर... जाऊ दे.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वरच्या वाडीला गेलो. दोन तास चढ! गुडघे बोंबलले. धोंडीचा कोयता फडक्यात गुंडाळून सोबत नेला होता.

धोंडी घरी नाही. माथेरानला दिवाळीची गर्दी, सुट्टी मिळत नाही म्हणे. त्याची बायको सुनिता होती, मांडीवर चार महिन्यांचं बाळ. तिने काकडी कापून दिली. मी सगळं सांगितलं — माझी चूक, फॉर्म, बारा तारीख. म्हटलं, वहिनी, तुम्ही उतरा, तुमचीही सही चालते. ती बाळाकडे बघत म्हणाली, "मी नाय करायची. त्याच्या मनात काय ते त्याचं तो बगल."

म्हणजे राग अजून आहे. मी कोयता ठेवून यायला निघालो होतो, पण मग वाटलं, नाही! ज्याच्या कमरेतून ओढला त्याच्याच हातात देणार. परत बांधून घेतला.

चिमा ओढ्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काका, तुमी एवढं चढून नका येत जाऊ." माझ्या गुडघ्यांची काळजी! सख्ख्या पोराने कधी केली नाही. मी म्हटलं, तुझी परीक्षा होईपर्यंत मी हिमालयसुद्धा चढेन. ती पाण्यात दगड मारत राहिली.

३ नोव्हेंबर

शाळा सुरू. जितेशने आकडे ऑनलाइन पाठवले. मला म्हणाला, "पोपटकाका, जप्तीत आपली शाळा जिल्ह्यात पहिली!" त्याला वाटलं, वरच्यांना आपलं काम दिसेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आई गं! काय दिवस!

साडेअकराला गेटसमोर पोलिसांची जीप. मागून पांढरी गाडी, त्यातून शिक्षण विभागाचे साहेब. साहेबांचा चेहरा पांढराफटक. उतरल्या उतरल्या मला विचारतात, "सात पिस्तुलं कुठे आहेत?"

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. जितेशने कंसातलं गाळलं होतं! वर पोचलं ते असं: पिस्तूल ७, कोयते ६८. एका डोंगराच्या पायथ्याच्या हायस्कूलमध्ये, दोन महिन्यांत!

मी कपाट उघडलं. लाल प्लास्टिकची सात पिस्तुलं, त्यातलं एक मोडलेलं. हवालदाराने एक उचललं, छताकडे धरलं — फट! साहेब दचकून मागे सरकले. हवालदाराला हसू आवरेना, मलाही, पण मी आवरलं. नोकरी आहे.

मग साहेब कोयत्यांकडे वळले. नेमके आज नऊ टांगलेले, आणि खाली दगड, कानस, पाण्याचा डबा. "हे काय? शाळेत शस्त्रांना धार लावता तुम्ही? शस्त्रबंदीच्या गेटवर?" मी दगड पायाने मागे सारला. सहा महिने राहिलेत, आणि मेमो घेऊन घरी जायचं की काय!

पण सुप्रिया मॅडम! हजेरीपट घेऊन आल्या आणि साहेबांसमोर धरला. पालकसभा — अकरावरून त्रेचाळीस. शाळा सोडलेली तीन मुलं परत. वाडीवरच्या पोरांची हजेरी दीडपट. म्हणाल्या, "साहेब, या लोकांना आम्ही एकतीस वर्षं बोलावतोय, आले नाहीत. कोयता काढून ठेवा म्हटल्यावर यायला लागले. शस्त्र वर्गात एकही गेलेलं नाही. परिपत्रकाचा हेतू हाच ना?" म्हणजे बाईंना धारेचं सगळं ठाऊक होतं! कधीपासून कोण जाणे. आणि मी मूर्ख, दगड गोणपाटाखाली लपवत होतो.

साहेबांनी हजेरीपट दोनदा चाळला. शेवटी म्हणाले, खुंट्या गेटच्या बाहेर, उंबराखाली. आत दोन फूटसुद्धा नाही. आणि धार लावणं तुमच्या घरी, शाळेच्या वेळेनंतर. मी म्हटलं, होय साहेब, आजच.

हवालदार निघताना जीपमागे मला बाजूला घेऊन म्हणाला, "घरची विळी आणली तर चालेल का?"

जितेशने माफी मागितली. मी म्हटलं, तुझ्या कंसाने माझा जीव घेतला असता रं! मग दोघांनी चहा घेतला.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाकी सगळं मार्गी. फॉर्म एकच राहिला — चिमाचा. मॅडमनी वेगळा काढून टेबलाच्या कोपऱ्यात ठेवलाय. झाडू मारताना मला तो रोज दिसतो.

पोशाबाबाच्या हातापाया पडलो. म्हटलं, बाबा, उद्या माथेरानला जा, टेंपोपर्यंत मी सोडतो, धोंडीला सांगा — पोपट म्हणतो माझ्यावर काय राग काढायचा तो काढ, पोरीवर नको. बाबा हसला. "जातो. पन एक कुऱ्हाड हाय, तिला पानी द्यायचंय." ब्लॅकमेल! भाता पेटवून पातं तापवलं, दिलं पाणी.

११ नोव्हेंबर

चिमाला सांगितलं, उद्या तुझा बाप येणार बघ. तिचा चेहरा उतरला. भीती असणारच, शेवटची तारीख. मी म्हटलं, काका आहे ना!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आला!!

पावणेदोनला. उंबराजवळ येऊन थांबला, गेटपासून वीस पावलांवर. कमरेला आकडी, आकडी रिकामी. ते बघून मला कसंतरीच झालं. मी खुर्ची सोडून बाहेर गेलो, त्याच्या समोर उभा राहिलो. जे घोकून ठेवलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "दादा, चुकलो. मागून हात घातला. पोरांसमोर बोललो. तुझं नाव पण इचारलं नाय."

तो म्हणाला, "समोरून मागितला असतास तर दिला नसता का मी?"

"दिला असतास."

"मंग झालं."

एवढंच. मी कोयता दोन्ही हातांनी दिला. त्याने पात्यावर अंगठा फिरवला, उन्हात धरला, परत फिरवला. "बरी हाय," म्हणाला. त्याने आकडीत घातला, मग हसला आणि परत काढून स्वतःच खुंटीला टांगला.

ऑफिसात मी त्याच्यासोबत गेलो. त्याच्या हातांकडे लक्ष गेलं — बोटं पांढरी, चरे पडलेली, पाण्यात राहून राहून झालेली. म्हणाला, भांडी घासतो. रोज दीडशे माणसांची. मॅडमनी फॉर्म पुढे ठेवला. चिमा दारात उभी, चौकट घट्ट धरून. त्याने पेन घेतलं आणि थांबला. किती वेळ थांबला! मॅडमकडे बघितलं, फॉर्मकडे बघितलं, मग पोरीकडे. "काय लिवलंय हितं?"

मॅडम म्हणाल्या, "चिमा मार्चमध्ये दहावीची परीक्षा देणार, एवढंच."

"पास होल?"

"पहिल्या पाचात येईल."

त्याने स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि सही केली. अंगठा नाही — सही! एकेक अक्षर काढून. मॅडमनी फॉर्म उचलला आणि जितेश तो घेऊन पळालाच.

मी घंटा देताना दोन टोले जास्त दिले. कोणाला काय वाटायचं ते वाटो. घरी इंदूने भजी केली होती, तिला आधीच कुठून कळलं देव जाणे. आज मी सुखी माणूस आहे. माझी चूक मी निस्तरली. या वयात हे जमलं, याहून काय हवं?

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर चिमा गेटवर थांबली. सगळी पोरं गेल्यावर बोलली.

"काका, बाबा त्या दिशी सहीला नव्हता आला. माजं नाव काढून दाखला न्यायला आला होता. आईचं बाळ लहान, म्हून तिच्या जागी मला हॉटेलात भांड्यांना ठेवायची होती. हॉटेलवाल्यानं वयाचा कागद मागितला. तुमी कोयता वढला, तो रागानं माघारी गेला, कागद नाय मिळाला. मंग बाबालाच जावं लागलं. परत शाळेत आला असता तर दाखलाच नेला असता."

मी खुर्चीत बसलो. म्हटलं, आणि मी रोज देत होतो ते निरोप?

"येक पन नाय दिला, काका."